बुडालेला शिक्का

बापूमामा गेला, त्याच्या तेराव्यानंतर मामीने मला आतल्या खोलीत बोलावलं. पत्र्याच्या पेटीतून तिकिटांचा आल्बम काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "तुज्याकडंच ऱ्हाऊ दे गं. हितं वाळवी लागंल." मामा पोस्टमन होता. पस्तीस वर्षं सायकलवरून त्याने लोकांची पत्रं, मनीऑर्डरी आणि नोकरीचे कॉल वाटले. तिकिटं जमवायचा नाद त्याला त्या आधीपासूनचा. पुण्याला गेला की शंभर परदेशी तिकिटांचं एखादं पाकीट घेऊन यायचा, रात्री कंदिलाजवळ बसून चिमट्याने एकेक तिकीट उचलायचा आणि कुठल्या देशाचं ते मला वाचायला लावायचा. इंग्रजी अक्षरं मी शाळेत शिकले त्याच्या आधी तिकिटांवर वाचली.

आल्बमच्या मधल्या एका पानावर एक जांभळं तिकीट आहे. अमेरिकेचं, तीन सेंटचं. दोन बाजूंना ताशीव कडे आणि त्यांच्यामध्ये कोणीतरी पाचर ठोकावी तसं बसलेलं धरण. नाव लिहिलंय बोल्डर डॅम. कोरीव पट्टीवरून छापलेलं असल्यामुळे शाई कागदावर किंचित वर आलेली आहे. अजूनही बोट फिरवलं तर कड्याच्या रेषा हाताला लागतात. बाजारात त्याला काही किंमत नाही, कारण कोट्यवधी छापली गेली. पण त्या पानावर मामाने बाकी काहीच लावलेलं नाही. इतर पानांवर तिकिटांची नुसती दाटी आहे, इथे मात्र एकटं हे तिकीट. त्याच्या खाली पेन्सिलने मामाच्या पोस्टी अक्षरात एकच शब्द लिहिला आहे: 'धरण.'

आमच्याकडे धरण म्हटलं की दुसरं कुठलं आठवत नाही. धरण म्हणजे उजनी. माझं आजोळ भीमेच्या काठचं, आणि ते आता उजनीच्या फुगवट्यात आहे.

त्या एका शब्दामुळे मी या तिकिटाच्या मागे लागले. गेली सहा-सात वर्षं मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचते आहे. एवढ्याशा कागदाच्या मागे केवढा पसारा आहे!

तिकीट निघालं ३० सप्टेंबर १९३५ रोजी. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी नेव्हाडा आणि ॲरिझोना यांच्या सीमेवर, कोलोरॅडो नदीवर बांधलेल्या या धरणाचं लोकार्पण केलं. तिकिटाची पहिल्या दिवसाची विक्रीही जवळच्याच बोल्डर सिटीत झाली, जे गाव मुळात धरणाच्या कामगारांसाठी वाळवंटात वसवलं होतं. रूझवेल्ट स्वतः पक्के तिकीटसंग्राहक. लहानपणापासूनचा छंद. पोलिओने पाय गेले तेव्हा अंथरुणावरही त्यांनी तिकिटं सोडली नाहीत, आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर नव्या तिकिटांचे आराखडे त्यांच्या नजरेखालून जायचे. साध्या पत्राचा दर तेव्हा तीन सेंट होता. म्हणजे हे तिकीट काही संग्राहकांच्या आल्बमसाठी काढलेलं नव्हतं. खुशालीच्या, लग्नाच्या, उधारीच्या साध्या पत्रावर बसून ते घरोघर गेलं. १९३५ साल म्हणजे अमेरिकेतल्या मंदीचं. हातांना काम नव्हतं, आणि सरकारने हे एक प्रचंड काम पूर्ण करून दाखवलं होतं. ते लोकांच्या घरात पोचवायला पोस्टासारखा दुसरा वाटाड्या नव्हता.

आता नावाची गोष्ट. आज ते धरण हूवर डॅम म्हणून ओळखलं जातं. १९३० साली कामाच्या शुभारंभाच्या समारंभात तेव्हाचे अंतर्गत खात्याचे मंत्री रे विल्बर यांनी त्याला राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांचं नाव दिलं. हूवर निवडणूक हरले, रूझवेल्ट आले, आणि नवे मंत्री हॅरॉल्ड इकीज यांनी १९३३ मध्ये ते नाव काढून बोल्डर डॅम केलं. मुळात बोल्डर नावाच्या घळीत धरण बांधायचा विचार होता, म्हणून त्या प्रकल्पाच्या कायद्यातही तेच नाव होतं. प्रत्यक्षात धरण उभं राहिलं खालच्या अंगाला ब्लॅक कॅन्यनमध्ये. पुढे १९४७ मध्ये तिथल्या संसदेने ठराव करून हूवर यांचं नाव परत दिलं. मधल्या चौदा वर्षांत नकाशे, पाट्या, पाठ्यपुस्तकं यांत जे काही छापलं गेलं ते नंतर बदलता आलं. तिकीट मात्र बदलता येत नाही. एकदा छापलं, विकलं, डकवलं की ते त्या दिवसाचं होऊन बसतं. मला तिकिटांचं हेच फार आवडतं. सरकार बदललं म्हणून आल्बममधलं नाव बदलत नाही.

धरणाच्या बांधकामाविषयी मी जे वाचलं त्यातली एक गोष्ट मला सर्वांत जास्त भावली. सिमेंट पाण्यात कालवलं की तापतं, हे घराचा स्लॅब पडताना पाहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं.  आता विचार करा, पायाशी ६६० फूट जाड आणि ७२६ फूट उंच अशी भिंत एकसंध ओतली तर तिच्या पोटातली धग कधी निघायची? हिशेब असा निघाला की आपोआप थंड व्हायला सव्वाशे वर्षं लागतील, आणि तोवर भिंतीला तडे जातील. म्हणून त्यांनी धरण ठोकळ्या-ठोकळ्यांत उभं केलं. प्रत्येक ठोकळ्यात पाच-पाच फुटांचा थर ओतायचा, त्यात इंचभर व्यासाच्या नळ्या पुरायच्या, त्यांतून आधी नदीचं पाणी आणि मग कारखान्यात गार केलेलं पाणी खेळवायचं. अशा नळ्या एकूण ५८२ मैल भरल्या. ठोकळा निवला की नळीत सिमेंट भरून ती बंद करायची आणि ठोकळ्यांमधल्या फटीही भरून घ्यायच्या. जून १९३३ मध्ये पहिली बादली ओतली आणि मे १९३५ मध्ये शेवटची. दोन वर्षांत! आधी नदी वळवण्यासाठी कड्यांच्या पोटातून पन्नास-पन्नास फूट व्यासाचे चार बोगदे खणले होते. तिथल्या असह्य उन्हात, वाफेत, धुरात लोक राबले. कामावर दगावलेल्यांचा सरकारी आकडा ९६ आहे. माणसं काँक्रीटमध्ये गाडली गेली, ही गोष्ट तिथे अजून सांगतात. ती खरी नाही. थर इतका थोडा-थोडा चढत होता की माणूस त्यात नाहीसा होणं शक्यच नव्हतं. उजनीच्या भिंतीबद्दलही आमच्याकडे अशीच गोष्ट सांगायचे, नरबळीची. मोठी भिंत उभी राहिली की माणसाच्या मनाला तिच्या पायात कुणीतरी हवं असतं.

या धरणाच्या आराखड्यामागचे मुख्य अभियंते होते जॉन सॅव्हेज. निवृत्तीच्या सुमारास ते जगभर सल्ला देत फिरले आणि भाक्रा धरणाच्या विचारविनिमयासाठी भारतातही आले होते. भाक्रा अखेर २२६ मीटरचं झालं, बोल्डरपेक्षा काकणभर उंच. साठच्या दशकात आपल्या टपाल खात्याने रोजच्या वापराच्या तिकिटांची जी मालिका काढली, तिच्यात पाच रुपयांच्या तिकिटावर भाक्राचं चित्र होतं. तेव्हा पाच रुपयांचं तिकीट म्हणजे मोठी गोष्ट, पार्सलावर लागणारं. मामाच्या आल्बमात तेही आहे. पण आहे ते आंबे, हत्ती, कारखाने यांच्या गर्दीत, वेगळं पान त्याला नाही. त्याच भाक्राच्या गोविंदसागर जलाशयात हिमाचलातलं जुनं बिलासपूर शहर बुडालं. पाणी उतरलं की तिथल्या देवळांची शिखरं वर येतात. तिकिटावर भिंत दिसते. शिखरं कुणी काढत नाही.

हे असं लिहिताना मी धरणांच्या विरोधात लिहिते आहे असं कुणाला वाटेल, म्हणून सांगून टाकते. माझ्या मामेभावाचा ऊस उजनीच्या पाण्यावर उभा आहे. सोलापूर शहर हे पाणी पितं. ज्या कुटुंबाची पंचवीस एकर बागायत बुडाली त्याच कुटुंबाची आजची भाकरीही या पाण्यातूनच येते. बुडालेल्यांचं आणि भिजलेल्यांचं खातं एकाच घरात असलं की एका बाजूला उभं राहता येत नाही. मला फक्त एवढंच सांगायचंय की भिंतीचं तिकीट निघतं आणि बुडालेल्या गावाचा शिक्का हरवतो, आणि मला त्या शिक्क्याविषयी बोलायचं आहे.

कारण बोल्डर धरणाच्या गोष्टीत असा एक शिक्का खरोखरच आहे.

१ फेब्रुवारी १९३५ ला बोगद्याची दारं बंद केली आणि नदी तुंबायला लागली. म्हणजे तिकीट निघालं तेव्हा मागे तलाव भरू लागून आठ महिने झाले होते. पुढे त्याला लेक मीड म्हणू लागले, पाटबंधारे खात्याचे आयुक्त एलवुड मीड यांच्या नावावरून. ते १९३६ च्या जानेवारीत वारले. भरल्यावर हा जगातला सर्वांत मोठा मानवनिर्मित जलाशय ठरला. त्याच्या उत्तरेकडच्या फाट्यावर, मडी आणि व्हर्जिन या दोन नद्यांच्या संगमाजवळ, सेंट थॉमस नावाचं एक छोटंसं गाव होतं.

हे गाव १८६५ मध्ये मॉर्मन पंथाच्या लोकांनी वसवलं. पाट काढले, शेती केली, कॉटनवुडची झाडं लावली. पाच-सहा वर्षांत सरहद्दीची नवी मोजणी झाली आणि कळलं की आपण समजत होतो त्या राज्यात गाव नाहीच, ते नेव्हाडात आहे. नेव्हाडाने मागची पट्टी मागितली, तीही सोन्या-चांदीच्या नाण्यांत. १८७१ मध्ये बहुतेक गाव उठून गेलं. पुढे १८८० च्या सुमारास पुन्हा माणसं आली, पुन्हा पाट वाहते झाले, शाळा झाली, हॉटेल झालं, रेल्वेचा फाटा आला, मोटारींचा रस्ता गावातून गेला. भरात असताना पाचशेच्या आसपास वस्ती. आणि मग धरण. सरकारने जमिनींची भरपाई दिली, कबरी उकरून वरच्या अंगाला ओव्हरटन गावाजवळ हलवल्या. आमच्याकडे म्हणतात ना, 'गाव उठलं', तसं हे गाव दोनदा उठलं.

सगळे मात्र लगेच गेले नाहीत. पाणी इतकं वर येणारच नाही, असं काहींना शेवटपर्यंत वाटत होतं. ह्यू लॉर्ड नावाचा एक गृहस्थ ११ जून १९३८ ला सकाळी उठला तेव्हा पाणी दाराशी आलं होतं. तो सामान होडीत टाकून वल्ही मारत निघून गेला. गावाचा शेवटचा रहिवासी म्हणून त्याचं नाव राहिलं आहे.

त्यानंतर पाच दिवसांनी, १६ जून १९३८ ला, सेंट थॉमसचं पोस्ट ऑफिस बंद झालं. शेवटच्या दिवसाचा शिक्का मिळावा म्हणून ठिकठिकाणच्या संग्राहकांनी आपापले लिफाफे पाठवले होते, हजारो. पोस्टमास्तरांनी एकेक करून त्यांच्यावर शिक्का मारला. शेवटचा लिफाफा झाला, आणि त्यांनी तो शिक्का चढत्या पाण्यात भिरकावून दिला.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मामाच्या घरी मी शिक्का हातात धरला आहे. त्याचं वजन मला माहीत आहे. लाकडी मूठ, खाली पोलादाचा गोल, त्यात रोज सकाळी चिमट्याने तारीख बदलायची, शाईच्या गादीवर दाबायचं आणि आधी एका रद्दी कागदावर उमटवून बघायचं. त्या गोलात वरच्या बाजूला गावाचं नाव उलटं कोरलेलं असतं. ते फक्त कागदावर सुलटं होतं. गावाचं नाव दिवसातून पन्नासदा, शंभरदा कागदावर सुलटं करणारा माणूस तो शिक्का पाण्यात टाकतो, तेव्हा त्याच्या हाताला काय वाटत असेल? सरकारी वस्तू परत जमा करायची असते, हे त्यालाही ठाऊक असणार. तरी त्याने टाकला. गाव पाण्यात गेलं तर गावाचं नावही तिथेच असू दे, असंच काहीसं त्याच्या मनात आलं असेल असं मला वाटतं.

आणि मग एक गोष्ट लक्षात आली, ती आजवर माझ्या डोक्यातून गेलेली नाही. सप्टेंबर १९३५ ते जून १९३८. जवळजवळ पावणेतीन वर्षं हे तिकीट आणि तो शिक्का एकाच वेळी चालू होते. म्हणजे सेंट थॉमसमधून कुणी आपल्या बहिणीला पत्र टाकलं असेल, 'आम्ही अजून इथेच आहोत' असं लिहिलं असेल, आणि त्यावर हेच तीन सेंटचं जांभळं तिकीट लावलं असेल, तर पोस्टमास्तरांनी त्या धरणाच्या चित्रावर गावाच्या नावाचा काळा गोल मारला असेल. धरणाने गावावर पाणी सोडण्याच्या आधी गावाने धरणावर शिक्का मारला. असा लिफाफा अजून माझ्या हाती आलेला नाही. मी शोधते आहे.

माझी मुलगी फिनिक्सला असते. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तिच्याकडे होते तेव्हा आम्ही मोटारीने गेलो. आधी धरण पाहिलं. तिकिटावर बोटभर असलेली भिंत समोर आली तेव्हा खरंच श्वास अडकला. वर काठावर पंख उभारलेले ब्राँझचे दोन पुतळे आहेत, ऑस्कर हॅन्सन यांनी घडवलेले. येणारा-जाणारा त्यांच्या पायाची बोटं नशिबासाठी चोळतो, त्यामुळे सबंध पुतळा हिरवट-काळा आणि बोटं तेवढी सोन्यासारखी लखलखीत. आमच्या गावच्या देवळातल्या कासवाची पाठ अशीच गुळगुळीत झालेली होती. मागे वळून तलाव पाहिला तर काठच्या कड्यांना पांढराशुभ्र पट्टा, कित्येक पुरुष उंच. पाणी पूर्वी कुठवर होतं त्याची क्षारांनी काढलेली रेघ. सततच्या दुष्काळाने आणि उपशाने लेक मीड उतरत गेलं आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात तर ते भरायला लागल्यापासूनच्या सर्वांत खालच्या पातळीवर गेलं होतं.

मुलगी म्हणाली, "आई, मायनसमध्ये गेलंय."

हा शब्द तिने तिच्या पणजीच्या गावाहून उचललेला. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा आहे. दरवाजांतून सुटू शकेल असं पाणी संपलं की मोजणी शून्याच्या खाली जाते आणि सोलापूर जिल्ह्यात पानटपरीपासून कलेक्टर कचेरीपर्यंत सगळे म्हणतात, 'धरण मायनसमध्ये गेलं.' मग पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातून वर येतं आणि लोक गाड्या काढून बघायला जातात. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. भिगवणकडे रोहित पक्षी उथळ पाण्यात उभे असतात आणि मच्छीमार चिलापीची टोपली भरून काठाला येतात. आमच्यासारखे काही जण मात्र देऊळही बघत नाहीत आणि पक्षीही. ते आपापल्या घराचं जोतं शोधतात.

सेंट थॉमसला जायला कच्चा रस्ता आहे, पुढे पायवाट. एके काळी या जागेवर सुमारे साठ फूट पाणी होतं. मध्येही काही वेळा गाव वर आलं होतं, आणि या शतकाच्या सुरुवातीपासून ते उघडंच आहे. वाळलेल्या झावासारख्या झुडपांतून चालत गेलो तर पायाखाली करकर वाजायला लागलं. वाकून पाहिलं तर शिंपले. वाळवंटात, नजर जाईल तिथवर पांढरे शिंपले. मग एकेक जोतं दिसायला लागलं. हौदाची कडा. कापलेल्या झाडांचे ओळीने उभे बुंधे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावलेले असणार. आईस्क्रीमच्या दुकानाची उंच उरलेली भिंत. शाळेचा पाया, आणि त्याला चढायला पायऱ्या. वर जाऊन पोचायचं कुठे, तर कुठेच नाही, तरी मी त्या पायऱ्या चढले. वर उभी राहून मी पाहत होते ते मात्र सेंट थॉमस नव्हतं.

आमची आजी तिथे असती तर तिने आधी चूल शोधली असती. २००० नंतरच्या एका मायनसात तिला आम्ही जुन्या गावी नेलं होतं, तेव्हा ती वाळलेल्या गाळाच्या भेगांवरून अनवाणी चालत थेट एका जागी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हितं." तिथे आम्हाला चार दगड दिसत होते. तिने मात्र दार, ओटा, जातं, उंबऱ्यापाशी पुरलेली नाळ, सगळं हाताने दाखवलं. मग खाली बसून चुलीच्या जागेवरची माती पदराने झाडली. पाण्याखाली इतकी वर्षं राहिलेली माती काही झाडून निघत नाही. आम्ही कुणी काही बोललो नाही.

गोव्यात कुर्डी नावाचं गाव आहे, साळावली धरणात गेलेलं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. दर मे महिन्यात पाणी ओसरतं तेव्हा तिथली जुनी माणसं आणि त्यांची मुलंनातवंडं जमतात, सोमेश्वराचा उत्सव करतात आणि पावसाबरोबर परत जातात. वर्षातून एकदा आपल्या गावाला भेटायला जाणं, म्हणजे एक प्रकारे माहेरपणच. आमचं गाव इतकं नेमाने वर येत नाही. ते दुष्काळाची वाट बघतं, आणि गाव बघायला मिळावं म्हणून दुष्काळ पडावा असं कुणाच्या तोंडून निघणार?

धरणग्रस्तांचं दुःख या मातीला नवं नाही. हे जांभळं तिकीट निघालं त्याच्या चौदा वर्षं आधी मुळशीत 'जान किंवा जमीन' म्हणत सेनापती बापट आणि मावळे सत्याग्रहाला बसले होते. पुढे १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, देशात सर्वांत आधी. आमच्या घराला त्याप्रमाणे जमीन मिळाली, कालव्याखालची, पण चाळीस किलोमीटरवर, आणि ती नावावर होता होता आजोबा गेले. ते सगळं लिहायला बसले तर हा लेख दुसरीकडेच जाईल.

मामाने जुन्या गावच्या शाखा डाकघरात पोरवयात काम केलं होतं. तिथले डाकपाल म्हणजे शाळेतले गुरुजीच. मामा त्यांच्या हाताखाली थैली बांधायचा, तालुक्याच्या एसटीत चढवायचा. गाव उठायच्या दिवशी गुरुजींनी शिक्का, तराजू आणि लाल डबा एका पोत्यात घालून बैलगाडीत ठेवला. त्याच गाडीत पुढे मारुतीची मूर्ती होती, पेंढ्यात गुंडाळलेली. मामा सांगायचा, नव्या गावठाणात पोचल्यावर लोक देऊळ कुठे बांधायचं यावर भांडत होते आणि गुरुजी एका लिंबाखाली खोक्यावर बसून पत्रांवर शिक्के मारत होते. शिक्का जुनाच. गावाचं नाव तेच. जमीन, पाणी, वारा, शेजार सगळं वेगळं, आणि गोलातलं नाव तेच. सेंट थॉमसच्या पोस्टमास्तरांनी शिक्का बुडवला, आमच्या गुरुजींनी तो उचलून आणला. यातलं कुणाचं बरोबर, हा प्रश्न मला पडतच नाही. मला दोघांचेही हात दिसतात.

अमेरिकेहून आले तशी मामीकडे गेले. फोनवर फोटो दाखवले. शाळेच्या पायऱ्यांचा फोटो तिने दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि विचारलं, "ह्यांचं बी पानी खाली गेलंय व्हय?" मी हो म्हटलं. "आन् मानसं?" मी म्हटलं, कुठे कुठे पांगली, काही जवळच्याच गावात राहिली. ती थोडा वेळ गप्प बसली. मग उठून पेटीतून एक पोस्टकार्ड काढून आणलं. आजोबांनी माझ्या वडिलांना लिहिलेलं, आईने जपून ठेवलेलं आणि आईनंतर मामीकडे आलेलं.

मी ते आता आल्बमात ठेवलं आहे, जांभळ्या तिकिटाच्या पानावर. जागा होतीच. शिक्क्यातल्या वर्षाचा सातानंतरचा आकडा शाई पसरल्यामुळे वाचता येत नाही, पण गावाचं नाव पूर्ण उमटलं आहे. मजकूर असा:

'रा. रा. जावईबापू यांसी सप्रेम नमस्कार, वि. वि. माळवद उतरविले. तुळया व चौकटी नवीन जागेवर नेल्या आहेत. हरभरा निघाला, ज्वारीचे काही खरे नाही. पाणी अजून मळईच्या खाली आहे, परंतु आता येईल असे म्हणतात. म्हैस नवीन जागी पाणी पीत नाही. चि. सौ. ताईस दिवाळीस पाठवावे, मुलीलाही आणावे. एसटी आता फाट्यावर थांबते, तेथून गाडी घेऊन मी येईन. पत्र टाकताना गावाचे नाव पूर्वीचेच घालावे. पोस्ट लिंबाखाली चालू झाले आहे, पत्र पोचते.'